तेरवीच्या दिवशी

तेरवीची पहिली पंगत बसायच्या आधी निताने ओसरीत टेबल मांडलं आणि मालेगावहून आलेल्या सुकेशनी सिस्टरला खुर्ची दिली. अंगणात वरणाचा वास सुटला होता. सिस्टरने रक्त घ्यायच्या नळ्या ओळीने ठेवल्या.

निताच्या आईच्या, मोतीबाईच्या, तेरवीची पत्रिका पंधरा दिवसांपूर्वीच गावोगावी गेली होती. सगळे आले होते. आठ महिन्यांच्या आजारपणात जे एकदाही फिरकले नाहीत, तेही.

"तुले काही समजते का?" उदयसिंग मामा पुढे आला. "तेरवीत रक्त काढून राह्यली?"

"मामा, एरवी तुमी येता कुठं?"

मोतीबाईचं रक्त नागपूरला पाठवलं होतं. तिथे तिचा अख्खा जीनोम, म्हणजे सगळी जनुकं, वाचून काढला, तेव्हा एका जागी बिघाड सापडला. तो जन्मापासूनचा होता, आईकडून किंवा बापाकडून आलेला. तिच्या दोन थोरल्या बहिणी ज्या कॅन्सरने गेल्या, तोच तिला झाला होता. मोतीबाईला कळायला उशीर झाला, बाकीच्यांना अजून वेळ आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. निता तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात बसून रडली होती. आता तिचे डोळे कोरडे होते.

"माह्या हेमलाची सोयरीक जमून राह्यली," मामाचा आवाज खाली आला. "पोराकडच्याइले समजलं तं?"

"रिपोर्ट ज्याचा त्यालाच मिळतो," सिस्टर म्हणाल्या. "आणि सही केल्याशिवाय मी कोणाला सुई लावत नाही."

"तुमच्यात नसलं तं हेमलाले तुमच्याकडून यायचं नाई," निता म्हणाली. "असलं तं तिची तपासणी आतापासून सुरू होईन. पहिले तुमी बसा."

"माहं घे बापा," मोतीबाईची म्हातारी आत्या हिरीबाई कोपऱ्यातून म्हणाली. "चहाशिवाय काही निंगनार नाई त्यातून."

दोघी-तिघी हसल्या. हेमला बापाकडे बघत होती. ती उठून टेबलापाशी आली.

"बाबा, दोन आत्या गेल्या. मले भेव लागते."

"गप. चाल घरी!" मामाने तिचा दंड धरला. "बहिणीसाठी आलो होतो मी. असं खानदान उघडं पाडाले नाई."

तेरवीला येऊन कोणी न जेवता जात नसतं. सख्खा भाऊ तर नाहीच.

"जा," निता वाटेतून बाजूला झाली. "पण उपाशी जाता, हे जिची तेरवी आहे तिले सांगून जा."

मामाची मान खाली गेली. आतल्या खोलीचं दार वाजलं. भिंतीला धरत, एकेक पाऊल टाकत मोतीबाई बाहेर आली आणि भावासमोर उभी राहिली.

"मी मेल्यावर तू जेवून निंगून गेला असता, उदयसिंग. म्हून जित्तेपणीच घातली तेरवी, पत्रिकेत तसं लिवून. बस आता, बाही वर कर."