आईला माणसं लागतात

परदेशातल्या हॉस्पिटलात कुमुदताईंच्या पलंगाला लघवीची पिशवी लटकत होती आणि तिच्याशेजारी तिथल्या मराठी मंडळाचे सातजण भिशी जमावी तसे बसून आयसेलिनच्या देशी दुकानातल्या कचोऱ्या चापत होते. "आईला माणसं लागतात," मुलानं नर्सला परस्पर सांगून टाकलं होतं. कुमुदताईंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी पिशवीवर चादर ओढली, तर एका काकूंनी तेलकट हातांनी ती नीट गादीखाली खोचली. पिशवी पुन्हा उघडी पडली. "आई, हस ना," म्हणत मुलानं पिशवीसकट सगळ्यांचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. कुमुदताईंनी दाराकडे तोंड फिरवलं. त्यांचा चेहरा दारातून पाहून नर्स टॅब्लेट घेऊन आली. "मी ट्रान्सलेट करतो," मुलगा म्हणाला. तिनं त्याला हातानंच थांबवलं. टॅब्लेटमधून दुभाषीबाई मराठीत म्हणाल्या, "मावशी, खोलीत कोण थांबणार हे तुम्हीच ठरवायचं, असा नियम आहे. कुणाला बाहेर काढायचं?" "सगळ्यांना," कुमुदताई म्हणाल्या, "पण आधी मुलाला."