वायर माझ्या हातात

सातपूरच्या त्या कारखान्यात जियाचं काम साधं होतं. वरच्या ऑफिसमधून खालच्या कटिंग मशीनला ड्रॉइंग पाठवायचा प्रोग्राम लिहायचा. त्यात मशीनचा पोर्ट नंबर टाकला, की झालं.

तिने नंबर टाकला. मशीन जोडलं गेलं.

"लागलं बरं का, ज्ञानेशदादा," तिने फोनवर ऑपरेटरला सांगितलं.

"कसं लागंल, मॅडम? मशीन बंद हे. वायर माझ्या हातात हे."

जियाने मुद्दाम चुकीचा नंबर टाकला. तरीही जोडणी झाली, आणि तिने काही पाठवायच्या आतच तिकडून एक ड्रॉइंग आलं. चौकोनी खोली, एक दार, दाराकडे पाठ करून मांडलेली खुर्ची. खुर्चीवर एक ठिपका.

ती याच खोलीत बसली होती.

तिने आणखी एक नंबर टाकला. तीच खोली आली, पण दार अरुंद झालं होतं. घाबरून तिने प्रोग्रामच बंद केला.

तरी ड्रॉइंग आलं. त्यात दार नव्हतं.

पाठीमागून दिवसभर येणारी कारखान्याची घरघर एकदम थांबली. जियाला मागे वळून बघवेना.

"दादा, जरा वर या ना. फोन ठेवू नका."

लोखंडी जिन्यावरची पावलं फोनमध्ये वाजली आणि थांबली.

"आलो मॅडम. पण तुम्ही बसलाय कुठं? इथं तर नुसती भिंत हे."

त्याने भिंतीवर जोरात थाप मारली. ती जियाला फक्त फोनमध्ये ऐकू आली.