दोनशे अठ्ठावीस व्होल्ट

आमच्या नागसेनने जपानहून आईसाठी आणलेला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर शंभर व्होल्टचा होता. मी निवृत्त तंत्रशिक्षक. दोनशे तीस व्होल्टचे शंभर करणारा ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळला. नागसेन तासाभरात परत जपानला निघणार होता. त्याआधी माझ्या पत्नीला, बनाबाईला, तिच्याच तरुणपणीच्या गाण्याची कॅसेट ऐकवायची होती. पण व्हॉल्व्ह मिणमिणले आणि आवाज घोगरा आला. मीटर लावला, तर घरात एकशे साठच व्होल्ट. “मास्तर, शिवारात गव्हाले पाणी द्याच्या मोटारी चालू हायेत, हे गणितात धरलं नाही काय?” ती हसली. नागसेनने शेजारी फोन लावला: “वाहेदचाचा, आईचं गाणं लावाचं हाय, मोटार थांबवा ना!” निरोप फिरला, एकेक मोटार थांबली, काटा दोनशे अठ्ठावीसला पोचला आणि विशीतली बनाबाई अंगणभर गाऊ लागली. बांधावरून वाहेद ओरडला, “भाभी, दुसरंही होऊ द्या, गव्हाले काही घाई नाही!”