दोन साडू, दोन कॅमेरे

ताडोबाच्या जिप्सीत दोन्ही साडूंचा वाद सकाळपासून रंगला होता.

"खिशात मावतो, पण सेन्सर बघा केवढा! अंधुक उजेडातही पीस न् पीस स्वच्छ येतं," उपेंद्र म्हणाले.

"त्यासाठी पक्ष्याने मांडीवर येऊन बसायला हवं." रमाकांतांनी आपल्या कॅमेऱ्याची वीतभर लेन्स बाहेर काढली. "माझ्या झूममध्ये चंद्रावरचे खड्डे दिसतात."

"दिसतात, पण शिऱ्यासारखे रवाळ."

इतक्यात बांबूतून वाघीण रस्त्यावर आली. दोघांनी कॅमेरे रोखले आणि ती पलीकडच्या झाडीत शिरेपर्यंत खाली घेतले नाहीत.

उपेंद्रांच्या फोटोत गवताचं पातं न् पातं लख्ख होतं आणि वाघीण तिळाएवढी. रमाकांतांच्या फोटोत नुसते हललेले पट्टे.

"निदान माझी अख्खी आहे."

"निदान माझी दिसते तरी."

मागच्या सीटवर त्यांच्या बायका, दोघी सख्ख्या बहिणी, हातात हात घेऊन बसल्या होत्या. धाकटीच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काय गं, घाबरलीस?" उपेंद्रांनी विचारलं.

"घाबरू कशाला? पिल्लाला तोंडात धरून किती अलगद चालत होती ती!"

"कुठलं पिल्लू?" दोघेही एकदम म्हणाले, आणि आपापला फोटो मोठा करून शोधू लागले.