फुंकर

ऑफिसात मॅडमचा भलताच दरारा. त्यांच्यासमोर बसून जेवायला त्यांची असिस्टंट तेवढी धजायची. पूर्वी तिचं जेवण म्हणजे सोहळा असायचा; तिखटाशिवाय घास घशाखाली उतरत नसे. गरोदरपणात तिला दुधाच्या वासानंही मळमळायचं, तरी बाळासाठी नाक दाबून पेलाभर प्यायची. मॅडम तिला मनातच शाबासकी द्यायच्या. बाळंतपणाच्या रजेवरून परतली, तर कॅन्टीनमध्ये मागे वाघ लागल्यासारखी भराभरा गिळू लागली. मॅडम काही म्हणणार, एवढ्यात तिनं सूपचा चमचा भरला, फुंकर घातली, ओठाला लावून पाहिला आणि घरच्या सवयीनं थेट मॅडमच्या तोंडाशी नेला. "आ कर, राजा!" सगळं कॅन्टीन वळून बघू लागलं. भानावर येताच तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमनी मुकाट्यानं तोंड उघडलं, सूप गिळलं आणि वाडगा तिच्यापुढे सरकवला. "आता तू जेव. अगदी सावकाश. इथं कुणी रडत नाहीये."