ताता, हळू बोला

पुण्यात मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेल्यापासून नात श्रावणी नरसय्यांना उठता-बसता बजावायची, "ताता, हळू बोला ना, शेजारी ऐकतात." हळू बोलता बोलता आजोबांचं बोलणंच आटलं.

सुट्टीत तिला घेऊन ते सोलापूरला आले. फोनवर बघून ठरवलेलं सगळं श्रावणीनं सकाळीच उरकलं. किल्ला झाला, तळ्यातलं मंदिर झालं, फोटोही झाले. "एवढंच? उगाच गाजवलंय," ती तोंड वाकडं करून म्हणाली.

"चल, आमचं सोलापूर दाखवतो," नरसय्या पुटपुटले.

साखर पेठेतली त्यांची गल्ली आता सुनी पडली होती. एका पत्र्याच्या शेडमध्ये मात्र माग अजून चालू होते. आत पाऊल टाकताच खडखडाटानं श्रावणीच्या कानठळ्या बसल्या. ताणलेल्या धाग्यांतून धोटा इकडून तिकडे पळत होता, आणि लाल चादरीवर पांढरा मोर पिसापिसानं उमटत होता. फोन काढायचंही तिला सुचलं नाही.

नरसय्यांनी मागाला हात लावला आणि तोच हात कपाळाला टेकवला. सगळी उमर त्यांनी याच आवाजात काढली होती. बायकोला हाक मारली ती याच्यावर आवाज चढवून, पोरांना दटावलं तेही तसंच. ते नातीकडे वळून काहीतरी सांगू लागले, पुण्यात लागलेल्या सवयीनं, अगदी हळू. ओठ हलताना दिसले, पण शब्द एकही पोचेना.

श्रावणी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडली, "ताता, मोठ्यानं बोला की!"