हाऊसफुल्लचा बोर्ड

मी रिक्षातून उतरले आणि नाट्यगृहाच्या दारावरचा बोर्ड आपोआप खटकन फिरला. ‘तिकीटविक्री चालू’ गेलं, ‘हाऊसफुल्ल’ आलं. नेमकं मी आल्यावरच?

दहा वर्षांनी रंगमंचावर उभी राहणार होते, सुखावायला हवं होतं. पण हाऊसफुल्ल म्हणावं, तर पार्किंग मोकळं कसं? वड्याच्या गाडीवर कुत्रंही का फिरकत नव्हतं? मेकअप झाल्यावर मी पडद्याच्या भोकाला डोळा लावला. जेमतेम दोन रांगा भरल्या होत्या.

तशीच नऊवारीत बुकिंगच्या खिडकीशी गेले. आमच्या मॅनेजर खांबेटेंनी घाईघाईने रिमोट खिशात कोंबला.

“तिकिटं ब्लॅकने विकताय?”

“नाही हो बाई! बोर्ड बघून तुम्हाला उभारी येईल, म्हणून...”

तेवढ्यात स्कूटरवरून एक जोडपं आलं. बोर्ड वाचून नवरा बायकोवर करवादला, “गेली बघ तिकिटं. आवरायला तास लावतेस!” त्याने स्कूटर वळवली.

“खांबेटे, असे किती परत गेले?”



नऊवारी सावरत, रंगवलेल्या तोंडाने मी भर रस्त्यात धावले. “अहो, थांबा! आत सगळं रिकामं आहे!”